बाटलीवर ‘विधवा’ असं लिहिलेलं असतं

आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओच बंद करतील की काय, अशी आम्हाला जरा धास्ती आहे. आज आम्ही बोलणार आहोत वाइनच्या एका तळघराबद्दल. ज्या बचत गटांनी घरोघरी फिरून आडव्या बाटलीला मतं मिळवली आणि गावातलं दुकान बंद पाडलं, त्याच गटांच्या समन्वयक आज हे काय घेऊन बसल्या, असं कोणाला वाटेल. म्हणून आधीच सांगतो, आमची दारूबंदीची बाजू होती तिथेच आहे. पण त्या तळघरात आम्हाला दोन बायकांची गोष्ट कळली. दोघीही विधवा. त्यातल्या एकीनं तर तो शब्दच आपल्या मालावर छापला. ही गोष्ट आपल्या गटांत पोचायला हवी, असं आम्हा पाचजणींना वाटलं.

आम्ही पाचजणी द्राक्षपट्ट्यातल्या. शेतकऱ्यांच्या एका अभ्यास दौऱ्यात बचत गटांच्या समन्वयक म्हणून आम्हाला फ्रान्सला जायला मिळालं. पॅरिसहून वेगवान रेल्वेनं पाऊण तासावर एक शहर आहे. त्याचं नाव रँस. आजूबाजूला सगळा शॅम्पेनचा मुलूख. शॅम्पेन म्हणजे ती फेसाळणारी वाइन, जी क्रिकेटचा चषक जिंकल्यावर खेळाडू एकमेकांवर उडवतात. हे खरं तर त्या भागाचं नाव आहे. त्या भागात पिकलेल्या द्राक्षांपासून, तिथल्या नियमांनी केलेल्या वाइनलाच तिथे ते नाव लावता येतं. आपल्या नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे ना, तसाच प्रकार.

रँस हे शहर दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांच्या ताब्यात होतं. त्यांच्या एका मोठ्या प्रांताची ती राजधानी. तेव्हाची एक दगडी वेस आजही शहरात उभी आहे, तिसऱ्या शतकातली. तिच्या छतावर बारा महिन्यांची शेतीची कामं कोरलेली होती. त्यातली काही अजून दिसतात. मान वर करून आम्ही ती बघत राहिलो. राजवाड्यातल्या शिकारी कोरलेल्या आपण पुष्कळ पाहतो, इथे कापणी कोरलेली होती.

शहर बांधायचं तर दगड हवा. रँसच्या पोटात खडूचा दगड आहे. शाळेत फळ्यावर लिहायचा खडू माहीत आहे ना, तसला पांढरा, मऊ दगड, पण थरच्या थर. रोमन काळापासून आणि पुढे मध्ययुगातही लोकांनी तो खणून काढला, घरांसाठी, भिंतींसाठी. त्या खाणी आजही आहेत. तिथे त्यांना क्रेयेर म्हणतात. त्या खणायची रीत ऐकली आणि आमच्यातल्या सांगलीकडच्या माहेरवाशिणीनं लगेच ओळखलं. ती म्हणाली, “अगं, ही तर आमची पेवं!”

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड लहान, पोट मोठं. सांगलीजवळ हरिपूरला अशाच पेवांमध्ये हळद साठवायचे. वर्षानुवर्षं हळद टिकायची. रँसच्या खाणी तशाच खणलेल्या आहेत. वर तोंड अरुंद ठेवायचं आणि खाली जाल तसं रुंद करत जायचं. कापलेले दगड दोरानं वर ओढायचे. तोंड लहान असलं म्हणजे वरून पाऊस, थंडी आत कमी येते आणि शेतजमीनही फारशी वाया जात नाही. आत उभं राहून वर पाहिलं तर देवळाच्या शिखराच्या आतून पाहिल्यासारखं वाटतं. भिंती निमुळत्या होत होत वर एका उजेडाच्या चौकोनापर्यंत जातात.

आम्ही गेलो ते पोमरी नावाच्या शॅम्पेन कंपनीचं तळघर. उतरायला एकशे सोळा पायऱ्या. वणीच्या गडाची सवय असल्यामुळे आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, पण इथे उलटं आहे, आधी उतरायचं आणि मग दमल्यावर चढायचं. वर जून महिन्याचं ऊन होतं. खाली शंभर फुटांवर दहा अंश. बाराही महिने तेवढंच. आम्ही पदर अंगभर गुंडाळले आणि वर शाली घेतल्या. ओल्या मातीचा, जुन्या आडातला असतो तसा वास. भिंतीला हात लावला तर पांढरं पीठ बोटाला लागतं. अशा एकशे वीस जुन्या खाणी जमिनीखालून बोगद्यांनी एकमेकींना जोडल्या आहेत. बोगद्यांची लांबी अठरा किलोमीटर. आणि दोन्ही बाजूंना बाटल्याच बाटल्या. हजारो बाटल्या आडव्या रचलेल्या.

आमच्यातली एक हळूच म्हणाली, “इथं तर सगळ्याच आडव्या. आपण निवडणूक जिंकलो म्हणायची!” आमचं हसणं त्या बोगद्यात इतकं घुमलं, की पुढच्या लोकांनी वळून पाहिलं.

आता या बाटल्या आडव्या का ठेवतात, ते सांगतो. इडलीचं पीठ रात्रभर ठेवलं की फुगतं, वर येतं, हे आपल्याला माहीत आहे. आंबताना त्यात हवा तयार होते. शॅम्पेन दोनदा आंबवतात. पहिल्यांदा मोठ्या पिंपात. मग ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि आंबवण्याचं बीज, म्हणजे यीस्ट, पुन्हा घालतात आणि बाटली बंद करतात. आत पुन्हा आंबायला लागतं, हवा तयार होते, पण जाणार कुठे? ती वाइनमध्येच मुरते. बुडबुडे येतात ते याचे. आतला दाब मोटारीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट असतो. जुन्या काळी काच कच्ची असायची, बाटल्या तळघरातच फुटायच्या. एक फुटली की शेजारच्या फुटायच्या. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून आत जायचे. हे काम शांतपणे, गारव्यात, महिनोन् महिने चालावं लागतं. त्यासाठी या रोमन खाणींइतकी चांगली जागा नाही. आज तिथला नियमच आहे, साधी शॅम्पेनसुद्धा किमान पंधरा महिने तळघरात राहिली पाहिजे.

पण यात एक अडचण होती. आंबवण संपलं की यीस्ट मरून त्याचा गाळ बाटलीतच राहतो. वाइन गढूळ दिसते. बाटली उघडून गाळावी तर हवा निघून जाते. मग करायचं काय? ही अडचण एका विधवा बाईच्या कारखान्यात सुटली.

तिचं नाव बार्ब-निकोल. जन्म १७७७ चा, रँसमधलाच. लग्न क्लिको नावाच्या व्यापारी घरात झालं. घरचा धंदा कापडाचा आणि थोडा वाइनचा. १८०५ साली तिचा नवरा तापानं गेला. ती सत्तावीस वर्षांची होती आणि पदरी सहा वर्षांची मुलगी. सासऱ्यांना धंदा बंद करावासा वाटत होता. तिनं सासऱ्यांना सांगितलं, मला चालवू द्या. सासरे कबूल झाले, पण एका अटीवर. चार वर्षं एका जाणत्या व्यापाऱ्याबरोबर भागीदारीत काम करायचं, शिकायचं. तिनं ती चार वर्षं काढली. १८१० साली भागीदारी संपली आणि तिनं स्वतःच्या नावानं धंदा सुरू केला. नाव काय ठेवलं? ‘व्हव क्लिको पोन्सार्दँ’. क्लिको सासरचं नाव, पोन्सार्दँ माहेरचं. आणि व्हव म्हणजे विधवा.

आमच्या दुभाषी मुलीनं हा अर्थ सांगितला, तेव्हा आम्ही तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, हो, विधवा. आजही बाटलीवर तेच छापलेलं असतं. लोक लग्नाला, बारशाला, वाढदिवसाला ती बाटली आणतात. आमच्या पाचजणींत एक एकल आहे. तिनं विचारलं, “लग्नात ते नाव बघून कोणी अशुभ मानत नाही?” दुभाषी मुलीला प्रश्नच कळला नाही. आम्ही तो तिला तीन तऱ्हांनी समजावून सांगितला, तरी कळला नाही. आमची मैत्रीण म्हणाली, “राहू दे. नाही कळला तेच बरं.”

त्या बाईनं तो शब्द का मिरवला असेल? तिथला कायदा ऐकला की उलगडा होतो. १८०४ साली नेपोलियनच्या काळात फ्रान्समध्ये नवा नागरी कायदा आला. बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, असं त्यात चक्क लिहिलेलं होतं. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय करार करता येत नसे. नवरा गेला की मात्र तिची सही तिची व्हायची. म्हणजे धंद्याच्या कागदावर ‘विधवा’ हा शब्द लिहिला, की समोरच्या व्यापाऱ्याला कळायचं, या बाईला सही करायचा अधिकार आहे. आपल्याकडे जो शब्द बाईला चारचौघांतून मागे सारतो, त्यानं तिथे तिला व्यवहारात पुढे बसवलं. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. केलं असतं तर सही पुन्हा नवऱ्याकडे गेली असती.

आणि ऐका, लग्न झालेल्या बाईला नवऱ्याला न विचारता बँकेत खातं उघडायची आणि नोकरी धरायची मुभा फ्रान्समध्ये १९६५ साली मिळाली. एकोणीसशे पासष्ट! आपण समजतो तिकडे सगळं आधीपासूनच होतं. तसं नाही. तिकडच्या बायकांनाही एकेक सही मिळवावीच लागली आहे.

तर तो गाळ. सांगतात, की तिनं टेबलाला भोकं पाडून घेतली आणि त्यांत बाटल्या तोंड खाली करून खोचल्या. तिच्या तळघरातल्या कारागिरांबरोबर तिनं ती रीत १८१६ च्या सुमारास बसवली. बाटली रोज थोडी फिरवायची, थोडी हलवायची, थोडी आणखी उभी करायची. काही आठवड्यांत सगळा गाळ सरकत सरकत बाटलीच्या गळ्याशी जमतो. मग बूच झटकन काढायचं, आतल्या दाबानं गाळ बाहेर उडतो आणि लगेच बाटली पुन्हा बंद करायची. वाइन काचेसारखी स्वच्छ. हातानं बाटल्या फिरवणारे कसबी कारागीर दिवसाला हजारो बाटल्या फिरवत. आता बरंचसं काम यंत्रं करतात, पण ती भोकांची लाकडी घडवंची आम्ही पाहिली. ताक घुसळून लोण्याचा गोळा कधी एका जागी येतो, हे जिला कळतं, तिला ही युक्ती सुचली याचं आम्हाला नवल वाटलं नाही.

धाडसही तसंच. नेपोलियनच्या लढायांमुळे समुद्रमार्ग बंद होते, माल पडून होता. १८१४ साली लढाई संपत आली, तेव्हा रस्ते रीतसर खुले व्हायची वाट न बघता तिनं दहा हजारांहून जास्त बाटल्यांचं जहाज रशियाच्या दिशेनं पाठवलं. जहाज अडवलं गेलं असतं तर ती बुडाली असती. माल पोचला आणि इतरांच्या आधी पोचला. तिथून तिचं नाव झालं. १८६६ साली, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन ती गेली.

आता दुसरी बाई, जिच्या तळघरात आम्ही उभे होतो ती. लुईझ पोमरी. तिचा नवरा १८५८ साली गेला, तेव्हा तिची चाळिशीही उलटली नव्हती. घरचा धंदा प्रामुख्यानं लोकरीचा. तिनं लोकर सोडली आणि सगळा जोर शॅम्पेनवर लावला. शहराच्या कडेला या जुन्या खाणींची पडीक जमीन होती, ती तिनं घेतली. १८६८ पासून दहा वर्षं खोदकाम करून एकेक खाण दुसरीला जोडली. ते अठरा किलोमीटर तिनं करवून घेतलेले आहेत. रोमन लोकांनी दगड काढून टाकून दिलेली पोकळी तिनं कोठार म्हणून वापरली. तेव्हाची शॅम्पेन सरबतासारखी गोड असायची. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला कमी गोड आवडतं, हे ओळखून तिनं १८७४ साली जवळजवळ बिनसाखरेची शॅम्पेन बाजारात आणली. आज जगभर तीच जास्त खपते. कामगारांसाठी आजारपणाचा आणि म्हातारपणाचा निधी सुरू करणाऱ्या फ्रान्समधल्या पहिल्या काही मालकांत तिचं नाव घेतात.

तिची एक गोष्ट आम्हाला सगळ्यांत जास्त भिडली. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात मिले या चित्रकाराचं एक प्रसिद्ध चित्र आहे, १८५७ चं. कापणी झालेल्या शेतात तीन गरीब बायका वाकून पडलेली कणसं वेचताहेत. म्हणजे सरवा वेचताहेत! मागे लांब मालकाच्या गंजी दिसतात, आणि या तिघी मूठमूठ दाणे गोळा करताहेत. आमच्यातल्या दोघींच्या आया असा सरवा वेचून घर चालवायच्या. त्या दोघी त्या चित्रासमोरून हलेनात. हे चित्र १८८९ साली लुईझ पोमरीनं विकत घेतलं होतं आणि ते देशाच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. एवढी श्रीमंत बाई, राजाराणीचं चित्र घेऊ शकली असती.

त्या तळघराचा आणखी एक काळ सांगतो. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. रँसवर जवळजवळ चार वर्षं तोफगोळे पडत होते. शहराचं मोठं चर्च जळालं, घरं पडली. लोक मुलाबाळांना घेऊन या तळघरांत उतरले. त्याच डिसेंबरात तिथे शाळा भरायला लागल्या. बाटल्यांच्या शेजारी बाकं मांडून मुलं पाढे म्हणत होती. कर्ते पुरुष लढाईवर. द्राक्षं तर पिकलेली. मग बायका, म्हातारी माणसं आणि मुलं तोफांच्या आवाजात द्राक्षं तोडायला गेली. त्या बायकांची नावं कुठल्याही बाटलीवर नाहीत. २०१५ साली युनेस्कोनं या टेकड्या, ही तळघरं आणि या पेढ्या जागतिक वारसा ठरवल्या. आम्ही मनातल्या मनात त्या तोडणीवाल्या बायकांनाही त्यात धरलं.

फेरी संपल्यावर प्रत्येकीच्या हातात एक पेला दिला. तुम्ही विचारणारच, म्हणून सांगतो. कोणी वास घेतला, कोणी ओठाला लावून तोंड वाकडं केलं, एकीनं तसाच खाली ठेवला. घरी जाऊन सांगायला लाज वाटावी असं काही झालं नाही.

मैत्रिणींनो, आता आपल्याकडचं. लुईझ पोमरी खाणी विकत घेत होती त्याच सुमारास, १८६३ साली, जोतिबा आणि सावित्रीबाई पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांसाठी घर चालवत होते. तेव्हापासून आपण किती चाललो? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं, हे सगळं बंद. राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या गावानं ठराव केला का? केला असेल तर गेल्या हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलावलं? हे ज्याचं त्यानं, म्हणजे जिचं तिनं, मनाशी विचारावं.

पण आम्हाला आज जास्त बोलायचं आहे ते सहीबद्दल. आमच्या त्या एकल मैत्रिणीचा नवरा गेला, तेव्हा सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागलं, तिचं राहून गेलं. मुलगा सात वर्षांचा. पीक कर्ज मागायला गेली तर विचारलं, तुमचं नाव कुठे आहे? ते नाव लागायला पुढे दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत शेत तीच कसत होती.

म्हणून चार गोष्टी लिहून घ्या. एक, घरात मृत्यू झाला की मृत्यूचा दाखला काढा आणि तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. उशीर झाला तरी अर्ज करता येतो, सोडून देऊ नका. दोन, मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला मुला-मुलींइतकाच वाटा आहे, आणि मयताची आई हयात असेल तर तिलाही. इतर धर्मीयांचे वारसा कायदे वेगळे आहेत, पण विधवेचा हिस्सा त्यांतही आहे. तीन, फेरफार झाल्यावर सातबाऱ्याचा उतारा काढून आपलं नाव स्वतः वाचा. घराच्या नमुना आठवरही बघा. चार, दुखवट्याच्या दिवसांत कोणी कागद पुढे केला तर गटातल्या वाचता येणाऱ्या बाईला दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. हक्कसोड पत्रं अशा दिवसांतच होतात.

आणि नवरा हयात असलेल्या मैत्रिणींनो, तुम्ही थांबायचं कारण नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जानं बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. ही योजना १९९२ पासून आहे. क्लिकोबाईला सहीसाठी नवरा जाईपर्यंत थांबावं लागलं, तशी वेळ आपल्यावर नाही.

पुढच्या बैठकीत हजेरी झाली, की बचतीचे पैसे गोळा करायच्या आधी एक काम करा. प्रत्येकीला विचारा, शेताच्या किंवा घराच्या कागदावर तुझं नाव आहे का? ‘आहे’ म्हणणारीनं उतारा दाखवायचा. ‘नाही’ म्हणणाऱ्यांची यादी इतिवृत्तात लिहायची. आणि एकल मैत्रिणी त्या यादीत असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करायची. तलाठी कार्यालयात एकटीला पाठवू नका, दोघी-तिघी मिळून जा. यादी तयार झाली की आपल्या प्रभाग संघाकडे द्या, आम्ही पुढे बघतो.